एमव्हीने २१६ स्कॅन 'गिळले': ते परत कसे मिळवायचे आणि उरलेल्यांची नावं कशी बदलायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातल्या एका जुन्या चाळीचे कागद, म्हणजे भाडेपावत्या, सभांची इतिवृत्तं आणि दुरुस्ती मंडळाशी झालेला पत्रव्यवहार, स्कॅन करून झाले आहेत. ३,४०० टिफ फाइली बाहेरच्या एक्सफॅट (डिस्कवर फाइली नोंदण्याची एक पद्धत) हार्ड डिस्कवर आहेत आणि लॅपटॉपवर उबंटू आहे. १९८४ सालचे २१६ स्कॅन '१९८४' फोल्डरमध्ये टाकायला फॉर लूपमध्ये, म्हणजे एकेका फाइलवर तीच कमांड पुन्हा पुन्हा, एमव्ही (फाइल हलवायची किंवा तिचं नाव बदलायची कमांड) चालवलं. एकही एरर आली नाही, पण आता '१९८४' उघडत नाही आणि त्या फाइलीही कुठे दिसत नाहीत. उरलेल्या फाइलींना मराठी नावं देऊन दुसऱ्या डिस्कवर न्यायचं आहे, ते कसं करावं?

कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या. एमव्ही म्हणजे एम आणि व्ही ही दोन अक्षरं, -एन म्हणजे हायफन आणि लगेच एन.

सगळ्यात आधी ती डिस्क वापरणं थांबवा. नवा स्कॅन नको, कॉपी नको, फाइल मॅनेजरमध्ये उघडून बघणंही नको. पुसलेल्या फाइलींचा मजकूर बहुधा अजून डिस्कवर आहे, पण ती जागा आता 'मोकळी' म्हणून नोंदली गेली आहे. पुढचं काहीही त्याच जागेवर लिहिलं जाऊ शकतं.

झालं असं, की '१९८४' हे फोल्डर नाहीच, ती एक फाइल आहे. लूप सुरू झाला तेव्हा त्या नावाचं फोल्डर बनवलेलं नव्हतं. एमव्हीचा नियम साधा आहे: शेवटचं नाव अस्तित्वात असलेल्या फोल्डरचं असेल तर फाइल त्यात टाकायची, नसेल तर तेच फाइलचं नवं नाव समजायचं. पहिल्या फेरीत पहिल्या स्कॅनचं नाव '१९८४' झालं. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या स्कॅनला तेच नाव मिळालं आणि पहिला गेला. अशा २१६ फेऱ्यांत २१५ स्कॅन पुसले गेले आणि शेवटचा उरला. एमव्हीच्या दृष्टीने प्रत्येक फेरी व्यवस्थित पार पडली, म्हणून एररही नाही. खात्री करायची तर डिस्क फक्त वाचता येईल अशी जोडा (माउंट -ओ आरओ) आणि एलएस -एल (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) चालवा. '१९८४'च्या ओळीच्या सुरुवातीला डी असेल तर फोल्डर, हायफन असेल तर फाइल. 'फाइल १९८४' ही कमांड तर ती टिफ प्रतिमा आहे हेच सांगेल.

हेच काम एका ओळीत, 'एमव्ही *.टिफ १९८४' असं केलं असतं, तर एमव्हीने नकार दिला असता, कारण अनेक फाइली एका नावात कोंबता येत नाहीत हे त्याला कळतं. लूपमध्ये त्याला दर वेळी एकच फाइल दिसते, त्यामुळे ती ढाल उरत नाही.

आता परत मिळवण्याचं. उबंटूत 'टेस्टडिस्क' नावाचं पॅकेज आहे, त्यातच 'फोटोरेक' येतं. टेस्टडिस्क एक्सफॅटवरच्या पुसलेल्या नोंदी दाखवू शकतं, म्हणून आधी ते चालवून पाहा. जमलं नाही तर फोटोरेक. ते नोंदींकडे बघतच नाही, डिस्कच्या मोकळ्या जागेत टिफची सुरुवात ओळखून फाइली उचलतं. परत मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवू नका, लॅपटॉपवर ठेवा. जुनी नावं मिळतील अशी आशा धरू नका. फोटोरेक 'एफ' आणि पुढे एक मोठा आकडा अशी नावं देतं. तो आकडा डिस्कवरच्या जागेचा असतो. स्कॅन रिकाम्या डिस्कवर एकापाठोपाठ एक साठवले असतील, तर त्या आकड्याचा क्रम बहुतेक वेळा स्कॅनिंगचाच क्रम असतो, आणि कागदांचा गठ्ठा हाताशी असेल तर जुळवाजुळव फार सोपी होते. तुकड्यातुकड्यांत साठवलेली फाइल मात्र अर्धवट मिळू शकते. हे सगळं फिरत्या हार्ड डिस्कला लागू आहे. एसएसडी असती तर ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा लवकरच खरोखर रिकामी करून टाकते, तिथे शक्यता बरीच कमी असते. मूळ कागद सोसायटीच्या कपाटात असतील तर ते २१६ पुन्हा स्कॅन करणं हाही पर्याय लाजिरवाणा नाही. कित्येकदा तोच लवकर होतो.

पुढचं काम करण्याआधी एमव्ही नेमकं काय करतं ते नीट समजून घ्या, कारण बाकीची सगळी काळजी त्यातूनच निघते. फाइलचं नाव एकीकडे नोंदलेलं असतं आणि मजकूर दुसरीकडे पडलेला असतो. चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर भाडेकरूचं नाव बदललं म्हणून खोलीतलं सामान हलत नाही. एकाच डिस्कवर नाव बदलताना किंवा एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेताना फक्त फळ्यावरची ती नोंद बदलते. म्हणून २० जीबीची फाइलही क्षणात 'हलते', आणि नाव बदलल्याने फाइल बिघडेल ही भीती बाळगायचं कारण नाही. धोका आतल्या मजकुराला नसतो, तो नव्या नावाच्या जागी आधीच बसलेल्या फाइलला असतो. एमव्ही १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासून आहे आणि त्याला कचरापेटी माहीत नाही. नव्या जागी कुणी असेल तर न विचारता त्याची नोंद काढून आपली लावणं हे त्याचं ठरलेलं वागणं आहे.

दुसऱ्या डिस्कवर न्यायचं असेल तर गोष्ट अगदी वेगळी होते. नोंद एका डिस्कवरून उचलून दुसरीवर लावता येत नाही, म्हणून एमव्ही आधी पूर्ण कॉपी करतं आणि मग मूळ पुसतं. केबल सैल झाली किंवा लॅपटॉप झोपी गेला तर पलीकडे अर्धवट फाइल राहू शकते. म्हणून दोन डिस्कमधल्या कामाला मी एमव्ही वापरत नाही. त्याची पद्धत पुढे दिली आहे.

एकाच डिस्कवरच्या कामासाठी मोजक्या सवयी पुरतात. फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ द्यायचीच: '१९८४' नव्हे, '१९८४/'. मग ते फोल्डर नसेल तर एमव्ही एरर देऊन थांबतं. एवढी एक रेघ असती तर तुमचे २१५ स्कॅन वाचले असते. लिनक्सवर -टी हा पर्याय त्याहून स्पष्ट आहे. 'एमव्ही -टी १९८४' असं म्हटलं की पुढचं नाव फोल्डरचंच असलं पाहिजे, ही अट एमव्ही पाळतं. मॅकवर त्याच्यावर विसंबू नका, तिथे रेघच वापरा.

एकच फाइल हाताने हलवताना -आय वापरा, म्हणजे वर लिहिण्याआधी विचारणा होते. गठ्ठ्याने काम करताना मात्र -आयपेक्षा -एन बरं. -एन म्हणजे तिथे काही असेल तर हात लावू नकोस. शेकडो प्रश्न आले की माणूस न वाचता 'वाय' दाबत सुटतो, आणि लूपमध्ये -आयची एक वेगळी गोची आहे ती खाली येईलच. -एन फाइल सोडून देतं तेव्हा बहुधा गप्पच असतं, म्हणून आधी आणि नंतर फाइलींची संख्या मोजायची. -व्ही लावलं की प्रत्येक हालचाल पडद्यावर येते. ती एका फाइलमध्ये वळवून ठेवली तर उलट प्रवासाचा नकाशा हातात राहतो. लिनक्सवर दोन हायफन आणि 'बॅकअप=नंबर्ड' असंही देता येतं. मग जागेवर आधीची फाइल असेल तर तिला टिल्ड आणि क्रमांक लावून बाजूला ठेवलं जातं. काही जण 'एमव्ही'ला कायमचं 'एमव्ही -आय' असं टोपणनाव देऊन ठेवतात. मला ते पटत नाही. ते टोपणनाव स्क्रिप्टमध्ये लागू होत नाही, आणि आपल्या मशीनवरची निर्धास्ती दुसऱ्याच्या मशीनवर महागात पडते.

तारांकन एमव्ही वाचत नाही, हेही ध्यानात ठेवा. 'एमव्ही *.जेपीईजी *.जेपीजी' लिहिलं तर शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) आधी तारांकनाच्या जागी खऱ्या फाइलींची नावं भरतं आणि मग एमव्हीला बोलावतं. विंडोजच्या जुन्या 'रेन' कमांडला असे नमुने स्वतःला कळतात, म्हणून तिकडून आलेले लोक इथे अडखळतात. यात एक गंभीर खड्डा आहे. 'एमव्ही *.टिफ' एवढंच लिहून चुकून एंटर दाबलं आणि फोल्डरमध्ये नेमक्या दोनच टिफ असल्या, तर पहिली दुसरीवर बसते आणि दुसरी जाते. दोनहून जास्त असल्या तर एररवर सुटका होते.

नावात मोकळी जागा असेल तर अवतरण चिन्हं हवीतच, आणि लूपमधल्या व्हेरिएबललाही ती हवीत. आधी कोरडी फेरी:

फॉर एफ इन *.टिफ; डू एको एमव्ही -एन -- "$एफ" "१९८४/"; डन

'एको' आहे तोवर काहीच हलत नाही, फक्त काय होणार ते छापलं जातं. ते वाचा, पटलं की 'एको' काढा. एको अवतरणं दाखवत नाही, त्यामुळे छापलेली ओळ उचलून परत चिकटवू नका, मूळ लूपच पुन्हा चालवा. दोन हायफन एवढ्यासाठी, की हायफनने सुरू होणारं फाइलचं नाव एमव्हीला पर्याय वाटू नये.

आता तुमच्या खऱ्या कामाकडे. ३,४०० कागदांची नावं एका ठरावीक नमुन्याने बदलणार नाहीत, कारण प्रत्येक कागदाची तारीख आणि विषय माणसानेच वाचून ठरवायचा आहे. अशा कामाला माझ्या मते एकच पद्धत योग्य आहे: आधी यादी करायची, मग ती तपासायची, आणि फाइली त्या यादीवरूनच हलवायच्या. आणि हे काम त्या बाहेरच्या डिस्कवर करू नका. फोटोरेकचं काम आटोपलं की उरलेल्या ३,१८४ आणि ती '१९८४' नावाची एक अशा सगळ्या फाइली लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर 'मूळ' फोल्डरमध्ये कॉपी करा. जागेचा अंदाज आधी घ्या. ए४ कागदाचा ३०० डीपीआयचा रंगीत, न आवळलेला टिफ साधारण २६ एमबी होतो, म्हणजे सगळे मिळून ८३ जीबीच्या आसपास. करड्या छटांचे असतील तर त्याच्या एक तृतीयांश.

कॉपी झाल्यावर 'सीपी -एएल मूळ राखीव' ही कमांड द्या. यात ए आणि एल ही दोन अक्षरं आहेत. यातून फाइलींची दुसरी प्रत होत नाही, त्याच मजकुराला दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसरं नाव मिळतं. जागा जवळजवळ शून्य लागते. 'मूळ'मध्ये एमव्हीने काहीही गोंधळ घातला तरी 'राखीव'मधली नावं शाबूत राहतात, कारण एमव्ही फक्त नोंदी बदलतं. उबंटूच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर हे चालतं, एक्सफॅटवर चालत नाही. डिस्कच बिघडली किंवा फाइल उघडून आतला मजकूर बदलला तर हा बॅकअप उपयोगाचा नाही. तो फक्त नावांच्या चुकांपासून वाचवतो, पण आज तुम्हाला भीती त्याच चुकांची आहे.

यादीत दोन स्तंभ, मध्ये टॅब: डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये भरली तर सोयीचं. स्तंभाचा प्रकार आधी 'मजकूर' करून घ्या, नाहीतर ०००१ चं १ होतं. एक्सेलमध्येही हेच होतं, शिवाय तिथे साधी सीएसव्ही निवडली तर सगळी मराठी अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन बसतात, यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) वाला पर्यायच घ्यावा लागतो. विंडोजवर साठवलेल्या यादीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न असतो. तो काढला नाही तर प्रत्येक नव्या नावाच्या शेपटाला तो चिकटतो. फाइल दिसते बरोबर, पण नावाने शोधली की सापडत नाही. 'डॉस२युनिक्स' ही कमांड तो काढते.

मग तपासणी. 'वर्डकाउंट'ची कमांड डब्ल्यूसी -एल देऊन यादीतल्या ओळी मोजा. ती संख्या 'मूळ'मधल्या फाइलींइतकी हवी. नंतर दुसरा स्तंभ वेगळा काढून क्रमाने लावा आणि दुबार नावं शोधा:

कट -एफ२ यादी.टीएसव्ही | सॉर्ट | युनिक -डी

('युनिक'च्या रोमन स्पेलिंगमध्ये यू, एन, आय, क्यू एवढीच अक्षरं आहेत.) काहीच छापलं गेलं नाही तर नावं एकमेकांवर आदळणार नाहीत. एक जरी ओळ आली तरी पुढे जायचं नाही. ३,४०० फाइलींमध्ये '१९८४-०६-१७_इतिवृत्त' दोनदा येणं अगदी शक्य आहे, कारण एका सभेची दोन पानं असतात. म्हणून पान क्रमांक नावातच घ्या.

नवी नावं 'मूळ'मध्येच देऊ नका. 'तयार' नावाचं रिकामं फोल्डर त्याच डिस्कवर करा आणि तिकडे हलवा. एकाच फोल्डरमध्ये ०००१ चं ०००२ आणि ०००२ चं ०००३ करत गेलात तर क्रम चुकला की साखळी तुटते. रिकाम्या फोल्डरमध्ये जुन्या नावांशी टक्कर होऊच शकत नाही, आणि 'मूळ'मध्ये जे उरेल ते न झालेलं काम, हे नुसतं पाहूनही कळतं.

व्हाइल आयएफएस=$'\टी' रीड -आर ए बी; डू एमव्ही -एन -व्ही -- "मूळ/$ए" "तयार/$बी"; डन < यादी.टीएसव्ही

'आयएफएस' मात्र मोठ्या रोमन अक्षरांत. वर -आयची गोची म्हटलं ती इथे आहे. या लूपमध्ये एमव्हीने प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर तो कीबोर्डवरून घेत नाही, यादीतली पुढची ओळ खाऊन घेतो. म्हणून इथे -एनच. आणखी एक बारीक गोष्ट: यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर 'रीड' ती ओळ सोडून देतं. एकच फाइल मागे राहिली तर आधी तिथे बघा.

नावं नियमाने बदलणारी असतील, उदाहरणार्थ सगळ्या जेपीईजीचं जेपीजी करायचं असेल, तर एवढा घाट नको. उबंटूत 'रिनेम' हे पर्लवर चालणारं पॅकेज आहे. त्याला -एन दिलं की तो फक्त काय करेल ते सांगतो. फेडोरावरचा 'रिनेम' मात्र नावापुरताच सारखा आहे. त्याची वाक्यरचना निराळी आहे, त्यामुळे दुसऱ्याने दिलेली ओळ तशीच चालवू नका. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून झेडशेल हेच नेहमीचं शेल आहे आणि त्यात 'झेडएमव्ही' मिळतं. ते मला सगळ्यांत विश्वासाचं वाटतं, कारण दोन फाइलींना एकच नाव जाणार असेल तर ते एकही फाइल हलवण्याआधी थांबतं.

क्रमांक देताना शून्यं भरून चार अंकी करा, नाहीतर १ नंतर १० आणि मग २ अशी रांग लागते. बॅशमध्ये (उबंटूचं नेहमीचं शेल) शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान समजली जाते, म्हणून ०८ आणि ०९ ला गणितात एरर येते आणि ०७ पर्यंत सगळं सुरळीत चाललेलं असतं. संख्येआधी '१०#' लिहिलं की ती दशमान धरली जाते.

आता मराठी नावं. द्या, जरूर द्या. सोसायटीतल्या माणसांना 'इतिवृत्त' आणि 'भाडेपावती' हेच शब्द शोधायचे आहेत, आणि आजच्या लिनक्स, मॅक, विंडोजवर देवनागरी नावं व्यवस्थित चालतात. पण नावाचा पुढचा भाग, म्हणजे वर्ष-महिना-दिवस आणि क्रमांक, रोमन अंकांत ठेवा. देवनागरी अंक शेलला संख्या म्हणून कळत नाहीत. तारीख वर्षापासून लिहिली की नावांची रांग आपोआप कालक्रमाने लागते.

लांबीचा हिशेब करा. ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'क्षि' हे एक अक्षर दिसतं, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. एक्सफॅटवर मर्यादा वेगळ्या पद्धतीने मोजली जाते आणि तिथे २५५ चिन्हं मावतात. त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर बसलेलं लांब नाव लॅपटॉपवर 'नाव फार लांब' म्हणून नाकारलं जातं. तीन-चार शब्दांत आटपा.

सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांसारख्या शब्दांतला अर्धा ऱ. तो तीन प्रकारे टाइप होतो: अख्खं ऱ हे एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण ईएक्सटी४ साठी ती तीन वेगळी नावं आहेत. फोनवर एक कीबोर्ड, लॅपटॉपवर दुसरा, असं दोघांनी मिळून यादी केली की 'दुसऱ्या मजल्याच्या पावत्या' दोन ठिकाणी विभागल्या जातात आणि शोधल्यावर अर्ध्याच सापडतात. जुन्या मॅक डिस्कवरून आलेल्या नावांत ऱ फोडलेला असतो, हेही एक कारण. पहिले दोन प्रकार 'कॉन्व्हएमव्ही' ही कमांड एनएफसी (फोडलेली चिन्हं जोडून एक करणारं रूप) पर्यायाने एक करून देते. ती आधी फक्त दाखवते आणि 'नोटेस्ट' म्हटल्याशिवाय काही बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. अदृश्य जोडचिन्ह तिच्याने जात नाही. ते यादीतच शोधून बदला. त्याहून बरं म्हणजे यादी एकाच कीबोर्डवर, एकाच व्यक्तीने भरावी.

काही टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या सरकलेल्या दिसतात. ती दाखवण्यातली उणीव आहे, नाव ठीक असतं. पण एलएस नावांऐवजी '\३४०\२४४' असे आकडे दाखवत असेल तर 'लोकेल' कमांड देऊन यूटीएफ-८ आहे का बघा. आणि नाव टाइप करत बसू नका, पहिले रोमन अंक लिहून टॅब दाबा, बाकी शेल भरतं. तारीख पुढे ठेवण्याचा हा आणखी एक फायदा.

नावांत अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण, उभी रेघ, उलटी तिरकी रेघ आणि कोनी कंस नकोत. ईएक्सटी४ त्यांना चालवून घेतं, एक्सफॅट आणि विंडोज घेत नाहीत, आणि हे कळतं ते शेवटच्या टप्प्यात, कॉपी करताना. एक्सफॅट लहान-मोठं रोमन अक्षरही वेगळं मानत नाही. लिनक्सवर शेजारी नांदणाऱ्या 'बिल-ए' आणि 'बिल-ए' या दोन फाइली, एकीत ए लहान आणि दुसरीत मोठा, तिकडे एकमेकींवर बसतात. सगळी रोमन अक्षरं लहान ठेवा.

'तयार'मध्ये सगळं आलं, मोजणी जुळली, की दुसरी डिस्क जोडा आणि आरसिंक ही कॉपी करणारी कमांड वापरा. 'आरसिंक -ए -व्ही तयार/ /मीडिया/.../चाळ/' अशी ती ओळ होते. उगमाच्या शेवटची तिरकी रेघ इथे महत्त्वाची आहे. ती असेल तर फोल्डरच्या आतलं जातं, नसेल तर 'तयार' हे फोल्डरच आत जाऊन बसतं. मध्येच तुटलं तर तीच ओळ पुन्हा द्यायची, राहिलेलं तेवढंच जातं आणि अर्धवट फाइल योग्य नावाने बसलेली राहत नाही. एमव्ही -एन इथे फसतं, कारण अर्धवट फाइलही त्याच्या लेखी 'आधीच आहे'. शेवटी तीच ओळ -एन आणि -सी लावून चालवा. आरसिंकमध्ये -एन म्हणजे नुसतं दाखव, आणि -सी म्हणजे तारीख-आकार न बघता आतला मजकूर पडताळ. वेळ लागेल, कारण दोन्हीकडची प्रत्येक बाइट वाचली जाते. यादीत एकही फाइल आली नाही तरच लॅपटॉपवरचं पुसायचा विचार करा, तोही लगेच नको.

सोसायटीचे सचिव विंडोजवर असतील तर त्यांना पॉवरशेल द्या. तिथे 'रिनेम-आयटम' आधीच असलेल्या फाइलवर लिहीत नाही आणि 'व्हॉटइफ' लावलं की फक्त काय होईल ते सांगतो. जुन्या बॅच फाइलमधला 'मूव्ह' मात्र न विचारता वर लिहितो.

यादी.टीएसव्ही दोन्ही डिस्कवर फाइलींच्या शेजारीच ठेवा. उद्या एखादं नाव चुकलं असं लक्षात आलं तर दोन स्तंभांची आणि लूपमधल्या 'मूळ' व 'तयार' या फोल्डरांची अदलाबदल करून तोच लूप उलटा चालवता येतो. फोटोरेकने परत दिलेले १९८४चे स्कॅन त्याच यादीत शेवटी जोडा, डाव्या स्तंभात त्यांची 'एफ'वाली नावं आकड्याच्या चढत्या क्रमाने लिहा, आणि उजवीकडची तारीख प्रत्येक प्रतिमा उघडून, खालपर्यंत पान पूर्ण आहे ना हे पाहूनच भरा.